आमची नदी आटत नाही!

ज्ञानकोशामुळे घरात भांडण होऊ शकते, असे मला २०२१ सालच्या दिवाळीपूर्वी कोणी सांगितले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. भांडणे व्हायची ती वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून, फार तर भाजीत मीठ कमी पडल्यावरून. कोश बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आमच्या घरात ते झाले खरे. तेही एका नदीवरून, आणि त्या नदीविषयीच्या अवघ्या एका वाक्यावरून.

त्या वर्षी दिवाळीला मामा-मामी आमच्याकडे पुण्याला होते. ते आले होते म्हणण्यापेक्षा आम्ही त्यांना आणले होते, असे म्हणणे अधिक खरे. मामांचे घर चिपळूणला, बाजारपेठेत. पुढे वह्या-पुस्तकांचे दुकान आणि मागे राहते घर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, ते मामांच्या दुकानातही शिरले. त्या दोघांनी माळ्यावर बसून तो दिवस आणि ती रात्र काढली. पाणी उतरले, तेव्हा दुकानात पुस्तके नव्हती. पुस्तकांचा लगदा होता. भिंती वाळेपर्यंत तरी पुण्याला चला, असा सौ.ने हट्ट धरला, आणि तिच्या हट्टापुढे कोणाचेच चालत नाही हे मामांनाही ठाऊक आहे.

आमची कन्या तेव्हा सातवीत होती. सुट्टीत करायला तिला शाळेने एक प्रकल्प दिला होता, 'महाराष्ट्रातील एक नदी.' मामाआजोबा घरात असताना दुसरी नदी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळाच्या ताटांभोवती आम्ही सारे बसलो असताना, संगणकावरच्या एका खुल्या ज्ञानकोशातून उतरवून घेतलेला मजकूर तिने मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला.

"वाशिष्ठी ही कोकणातील एक नदी आहे. ती सह्याद्रीत उगम पावते. चिपळूण हे शहर तिच्या काठी आहे. ती अरबी समुद्रास मिळते. ती पावसाळ्यात दुथडी भरून वाहते व उन्हाळ्यात कोरडी पडते."

मामांच्या हातातली चकली बशीत परत गेली.

"काय म्हणालीस? उन्हाळ्यात कोरडी पडते?"

"असं लिहिलंय, आजोबा."

"कोण लिहितं रे हे?" मामांनी माझ्याकडे वळून विचारले.

मी त्यांना समजावून सांगितले की, हा नव्या तऱ्हेचा कोश आहे. याला संपादक मंडळ नाही, कचेरी नाही. कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे.

"कोणीही?"

"हो, कोणीही."

"मग तू काय करतोस? तू मराठीचा प्राध्यापक ना? आमची नदी आटत नाही. साऱ्या गावाला विचार. जिनं आमचं घरदार धुऊन नेलं, ती कोरडी पडते म्हणून पोरं शाळेत लिहून नेणार?"

आता खरे सांगायचे, तर कोशवाङ्मय हा माझा वर्गातला आवडता विषय. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड कोणत्या हिमतीने सिद्ध केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी कृष्णाकाठी वाईला बसून मराठी विश्वकोशाचा एवढा मोठा संसार कसा मांडला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये कसा बाहेर पडला, हे सांगताना माझा आवाज दर वर्षी नकळत चढतो. पण स्वतः कोशात एक ओळ लिहिण्याची पाळी मजवर कधी आली नव्हती. पोहण्यावर व्याख्यान देणाऱ्याला कोणीतरी पाण्यात ढकलावे, तसे मामांनी मला ढकलले.

भाऊबीज झाल्यावर मी लिहायला बसलो. एक उत्तम परिच्छेद उतरला. 'सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेली, हिरव्यागार वनराईतून अवखळ बालिकेप्रमाणे बागडत येणारी आणि पुढे प्रौढ गृहिणीप्रमाणे शांतपणे सागराला भेटणारी ही लोकमाता...' इत्यादी. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण यातून नदी कुठे आहे ते कळत नाही." मी तिकडे दुर्लक्ष केले आणि मजकूर कोशात घातला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझा परिच्छेद नाहीसा! कोण कुठला सद्गृहस्थ, नाव नाही, गाव नाही, त्याने तो साफ पुसून टाकला होता आणि चर्चेसाठी ठेवलेल्या पानावर दोन वाक्ये लिहून ठेवली होती: "विशेषणे नकोत. पुरावा द्या."

वाचकहो, वीस वर्षे मी लोकांच्या निबंधांवर लाल शाई चालवीत आलो. माझ्या निबंधावर चाललेली ही पहिलीच लाल शाई. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी रागाचा भर ओसरला, तेव्हा मी तो परिच्छेद परक्याच्या डोळ्यांनी वाचला. सौ.चे म्हणणे खरे होते. त्यात बालिका होती, गृहिणी होती, लोकमाता होती. नदी तेवढी नव्हती. तो परिच्छेद सावित्रीला चालला असता, शास्त्रीला चालला असता, काजळीलाही चालला असता. 'उन्हाळ्यात कोरडी पडते' हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने तरी दुसरे काय केले होते? कोकणातल्या नद्यांचे एक ठरलेले वाक्य उचलून त्याने या नदीच्या पदरात टाकले होते. मी तेच केले. फक्त माझे वाक्य नटलेले होते.

तेव्हा विशेषणे सोडून मी नामांच्या मागे लागलो. आणि पहिलेच नाम अडले, ते नदीचे स्वतःचे! व्याकरण म्हणते, वसिष्ठ ऋषींवरून 'वासिष्ठी' व्हावे. गाव म्हणते, 'वाशिष्ठी.' दुकानांच्या पाट्यांवर 'वाशिष्टी', 'वशिष्ठी', 'वशिष्टी' अशी सारी भावंडे नांदतात. माझ्यातला व्याकरणाचा मास्तर 'वासिष्ठी'वर अडून बसला होता. मामांनी एका वाक्यात निकाल लावला: "तुझं नाव तुझ्या आईनं ठेवलं की पाणिनीनं?" लेखाचे शीर्षक 'वाशिष्ठी' राहिले, व्याकरणाची समजूत पहिल्या ओळीत 'वासिष्ठी असेही लिहितात' एवढे घालून काढली.

पुढची चूक माझी स्वतःची. नकाशावर बोट फिरवून मी लिहून टाकले की, जगबुडी नदी वाशिष्ठीला चिपळूणजवळ मिळते. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी दाभोळच्या खाडीकाठची, मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबातली. तिने तो लेख वाचला आणि तास संपल्यावर संकोचत म्हणाली, "सर, जगबुडी खेडवरून येते. ती चिपळूणच्या पुष्कळ खाली, खाडीत येऊन मिळते. आमचे बाबा त्याच पाण्यात जाळं टाकतात."

मी खजील झालो. पण त्या मुलीमुळेच लेखाचा खालचा अर्धा भाग उभा राहिला. नदी म्हणजे केवळ गोडे पाणी, अशी माझी देशावरची समजूत. तिने मला सांगितले की, समुद्राची भरती दाभोळपासून आत चढत चढत थेट चिपळूणच्या उशाशी, गोवळकोटपर्यंत येते. म्हणून तर पूर्वी मचवे आणि पडाव माल घेऊन गोवळकोटच्या धक्क्याला लागत. मुखाशी उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड. या दाभोळने बहमनी आणि विजापूरकरांच्या काळात अरबस्तान-इराणशी व्यापार केला. पंधराव्या शतकात रशियातून आलेला अफनासी निकितीन परतीच्या प्रवासाला याच बंदरातून निघाला. आज तिथे दाभोळ-धोपावे फेरीबोट मोटारींसकट माणसे पलीकडे नेते. काठाने तिवरांची दाट राने आहेत. त्यांच्या मुळांत कोळंबी वाढते, चिखलात कुर्ल्या सापडतात. आणि मगरी! नदीच्या बेटांवर आणि खाडीच्या काठांवर त्या ऊन खात पडलेल्या असतात. आता लोक होडीतून त्या पाहायलाही जातात. मामांना याचे नवल नाही. ते म्हणतात, "मगर आमच्यापेक्षा जुनी रहिवासी. २०२४ च्या पावसात एक मगर चिपळूणच्या रस्त्यावरून चालली, तर साऱ्या देशानं तिची चित्रफीत पाहिली. आम्ही म्हटलं, बाजाराला निघाली असेल!"

"सर, कारखान्यांच्या पाण्याचंही लिहा," असे ती मुलगी जाता जाता म्हणाली. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी खाडीकाठचे मच्छीमार अनेक वर्षे तक्रारी करीत आले आहेत, हे छापील बातम्यांच्या आधाराने मी लिहिले. तो अनामिक गृहस्थ काही बोलला नाही. आधार होता ना!

पण हे सारे पुढचे. मुख्य भांडण अजून व्हायचे होते.

नोव्हेंबर अखेरीस मी पुराचा परिच्छेद लिहायला घेतला. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिही. वरून पाणी सोडलं, म्हणून गाव बुडालं."

मी म्हणालो, "मामा, त्यावर दोन मतं आहेत."

"मतं? मी माळ्यावर बसून पाणी चढताना पाहिलंय. पावसाचं पाणी असं चढतं होय?"

"तुम्ही पाणी चढताना पाहिलंत, मामा. ते कुठून आलं, हे माळ्यावरून दिसलं नसेल."

हे वाक्य मी बोलायला नको होते. मामा उठले. त्यांनी खुर्ची होती तिथे परत ठेवली, चष्मा घरात घातला आणि आत निघून गेले. चार दिवसांनी मामा-मामी चिपळूणला परतले. भिंती पुरत्या वाळल्या नव्हत्या. सौ.ने मला एवढेच विचारले, "कोशातली नदी सुधारली का हो?"

माझ्या मनात मात्र दोन्ही बाजूंनी खेचाखेच चालली होती. ज्याचे सर्वस्व गेले, त्याचा शब्द खोटा कसा म्हणावा? आणि ज्याचा पुरावा हाती नाही, ते कोशात खरे म्हणून कसे लिहावे? वर्गात केतकरांचे गोडवे गाणे सोपे होते.

मे २०२२ मध्ये परीक्षा संपल्या आणि आम्ही तिघे चिपळूणला निघालो. मुद्दाम उंब्रज, पाटण, कोयनानगर अशी वाट धरली. कारण मला जे वाक्य तपासायचे होते, त्याची मेख नदीच्या काठी नव्हती. ती घाटाच्या वर होती.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कृष्णा पार बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाने पूर्वेकडे जावे, अशी निसर्गाची योजना. पण कोयनेला धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात उतरवले गेले आणि १९६२ सालापासून पोफळीच्या भूमिगत केंद्रात वीज निर्माण होऊ लागली. पुढे टप्प्याटप्प्याने हा प्रकल्प १९६० मेगावॅटपर्यंत वाढला. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मुभा दिली. वीज करून झाल्यावर हे पाणी जाते कुठे? कोळकेवाडीच्या तलावात थांबते, तिथे पुन्हा एकदा वीज देते आणि वाशिष्ठीत येते. बंगालच्या उपसागराला जायला निघालेला थेंब दाभोळला अरबी समुद्रात पोचतो!

कुंभार्ली घाट उतरून आम्ही चिपळूणला पोचलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन मी म्हणत होते. वाटेतल्या ओढ्यांत नुसते धोंडे होते. मामा दारातच उभे होते. जुने काही काढले नाही, हसलेही नाहीत, फक्त म्हणाले, "चल, आधी नदी बघ. चहा नंतर."

वैशाखातली नदी वाहत होती. चांगली ओढ असलेले, गार, गढूळसर पाणी. एका काठाला यंत्रे गाळ उपसत होती; २०२१ च्या अखेरीस गाळ काढण्याच्या मागणीसाठी चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले होते, त्यानंतर हे काम सुरू झाले होते. दुसऱ्या काठाला पोरे डुंबत होती, मगरीची पर्वा न करता.

"आटते का?" मामांनी विचारले.

"नाही मामा."

"तुम्ही तिकडे पुण्या-मुंबईला संध्याकाळी दिवे लावता, पंखे लावता, की इकडे आमची नदी चढते. आम्ही पाण्याकडे बघून सांगू, तुमच्याकडे उकडतंय म्हणून."

मग नदीकडे पाहत ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर जे बोलले, ते मला अपेक्षित नव्हते.

"तसं म्हटलं तर पूर्वी पाणी कमी व्हायचं हं. कोयना सुरू झाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. त्याच्या आधी वैशाखात आम्ही पोरं वरच्या अंगाला, खडपांवरून उड्या मारत पलीकडे जायचो. पाय भिजायचा नाही."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो. म्हणजे ते वाक्य कुणाच्या डोक्यातून उगाच निघाले नव्हते. ते एके काळी खरे होते! नदी बदलली आणि वाक्य तसेच राहिले. एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून संगणकात उतरत राहिले. आणि ज्या 'न आटण्या'चा मामांना एवढा अभिमान, तेही नदीचे मूळचे शील नव्हते. ते घाटावरचे पाणी होते. ज्या वरच्या पाण्यावर मामांचा राग, त्याच पाण्याने त्यांची नदी उन्हाळ्यात जिवंत ठेवली होती. हे मी बोलून दाखवले नाही. मामांनाही ते सांगायची गरज नसावी. नाहीतर खडपांची आठवण त्यांनी काढली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटाच्या पायथ्याला गेलो. माझ्या पहिल्या परिच्छेदातल्या 'हिरव्यागार वनराई'चा पुरावा अजून द्यायचा राहिला होता. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आणि ओढ्यांच्या कडेने अंजनी. वर माथ्यापलीकडे कोयनेचे अभयारण्य. ते आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण घाटाच्या अलीकडची गोष्ट निराळी. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे. बहुतेक झाडोरा खासगी मालकीचा आहे. मुलीचे लग्न निघाले, घराचे काम निघाले, की रान तोडीला दिले जाते. आम्ही उभे होतो, तेवढ्या वेळात जळाऊ लाकडांनी भरलेले दोन ट्रक खाली उतरून गेले.

मामा म्हणाले, "झाड गेलं की माती मोकळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथं. ती माती जाणार कुठे? ती बघितलीस काल, यंत्रानं उपसत होते ती."

मी वहीत लिहून घेतले. पुराच्या ज्या कारणासाठी मी कचेऱ्यांचे अहवाल धुंडाळत होतो, त्याचे निदान एक कारण लाकडाच्या ट्रकावर बसून माझ्यासमोरून गेले होते. एकच एक कारण शोधण्यात आम्ही दोघेही चुकत होतो. त्या जुलैत घाटमाथ्यावर आणि खाली अतोनात पाऊस पडला. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. त्या मुलीने सांगितलेली भरती गोवळकोटपर्यंत चढणारच. वरून येणारे पाणी आणि खालून येणारे पाणी यांच्या मध्ये गाळाने उथळ झालेली नदी, आणि त्या नदीच्या काठी भरगच्च वस्तीचे गाव. धरणाच्या पाण्याचा वाटा त्यात किती, यावर वाद झाला आणि त्या वादाचा निवाडा करणे हे कोशाचे काम नव्हे. पण वाद झाला, हे सांगणे त्याचे काम आहे.

त्या रात्री मामांच्या दुकानात बसून मी परिच्छेद लिहिला. फळ्या नव्या होत्या, त्यांवर अजून फारशी पुस्तके नव्हती. लिहिले ते असे: २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दिवशी वाशिष्ठीला मोठे पूर आले व चिपळूण शहर पाण्याखाली गेले. २०२१ च्या पुरात बाजारपेठेची मोठी हानी झाली. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथांचेही नुकसान झाले. अतिवृष्टी, भरती आणि पात्रातील गाळ ही कारणे सांगितली जातात. धरणातून आलेल्या पाण्याच्या वाट्याबद्दल शहरात तीव्र मतभेद आहेत.

आणि वर, जिथे ते मूळ वाक्य होते, तिथे: 'पूर्वी उन्हाळ्यात या नदीचे पाणी फार कमी होत असे. १९६२ पासून कोयना जलविद्युत प्रकल्पाचे पाणी मिळू लागल्याने तिचा खालचा प्रवाह बारमाही झाला आहे.'

मामांनी चष्मा लावून सारे वाचले. दोनदा वाचले. एके ठिकाणी 'वाशिष्टी' असे माझ्या हातून पडले होते, तिथे पेन्सिलीने ट चा ठ केला. मग वही मिटून म्हणाले,

"वाचन मंदिराचं लिहिलंस ते बरं केलंस. माझं दुकान नाही आलं."

"मामा, एकेका दुकानाचं कोशात..."

"अरे, मी तक्रार करत नाही. मला कळतं ते." ते उठले आणि मला आत, माजघराच्या दाराशी घेऊन गेले. चौकटीवर लाल तैलरंगाची एक आडवी रेघ होती, माझ्या छातीइतक्या उंचीवर. खाली लिहिले होते, २६-७-२००५. तिच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर, दुसरी रेघ होती. ती ताजी होती. २२-७-२०२१.

"तुझ्या त्या माणसाला पुरावा लागतो ना? हा घे."

मला हसू आले नाही. त्या अनामिक गृहस्थाने हा पुरावा घेतला नसता, हे मला ठाऊक होते. कोशाला छापील आधार लागतो. दाराच्या चौकटी त्यात धरत नाहीत. आणि ते योग्यही आहे. नाहीतर प्रत्येकाने आपल्या दारावर हवी तिथे रेघ मारली असती. पण ती रेघ पाहिली नसती, तर कोशातल्या पाच ओळी खऱ्या करण्यासाठी माझ्या हातून एवढा खटाटोप झाला असता असे मला वाटत नाही.

"मामा," मी म्हणालो, "मी त्या दिवशी जे बोललो..."

"माळ्यावरून दिसत नाही, हे खरंच आहे," मामा म्हणाले. "अंधार होता. चल, पानं घेतलीत. मामी खोळंबली आहे."

तो लेख आज पाच ओळींचा राहिलेला नाही. माझ्यानंतर त्याला आणखी काही हात लागले. कोणी नदीकाठच्या पक्ष्यांची यादी घातली, कोणी गोवळकोटच्या गडाची माहिती दिली. त्या गृहस्थाने अधूनमधून कात्री चालवली. आता मला तिचा राग येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने खाडीचा भाग पुन्हा नीट लिहून काढला आणि त्यात माझे एक विशेषण चुकून शिल्लक राहिले होते, तेही काढून टाकले. मामांचे दुकान पुन्हा भरले आहे. दर पावसाळ्यात पहिल्या जोराच्या पावसाला ते खालच्या दोन फळ्या रिकाम्या करतात आणि पुस्तके वर चढवतात.

दिवाळीत पुष्कळ मंडळी आपापल्या गावी जातात. तुमच्याही गावाला एखादी नदी असेल; नदी नसेल, तर ओढा, निदान तळे असेल. तिच्याविषयी कुठल्याशा कोशात चार-पाच ओळी लिहिलेल्या असतील, आणि तुमची मुले त्या वहीत उतरवून शाळेत नेत असतील. फराळ आटोपला, की त्या ओळी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्याने हातातली चकली खाली ठेवली, तर समजा की कुठेतरी काहीतरी दुरुस्त करायचे राहिले आहे.